पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

२०२४ साल, आणि मी बहात्तर वर्षांचा. भिगवणला मासळी घेत उभा होतो, तेव्हा सोपान गेल्याचा फोन आला. हातातली चिलापी तशीच पाटीत परत टाकली... आदल्याच संध्याकाळी तो माझ्याशी भांडून गेला होता. कशावरनं? घड्याळावरनं.

अंथुर्ण्याच्या दूध संकलन केंद्राचा मी अध्यक्ष. शाळा तिसरीपर्यंत, पण केंद्र वीस वर्षं चालवलंय ते घड्याळाच्या जोरावर. भिंतीवरचं घड्याळ मी पंधरा मिनिटं पुढं ठेवायचो, म्हणजे लोक वेळेत येतात. सोपान हा टेलिफोन खात्यातला निवृत्त लाइनमन. साठीनंतर हट्टानं कॉम्प्युटर शिकला आणि केंद्रात बसू लागला. दूध मापलं की आकडे त्याच्या कॉम्प्युटरवरनं थेट डेअरीला जायचे. तिकडनं होकार आल्याशिवाय टँकर थेंबभर दूध घेत नसे.

दोन वर्षांमागं एका सकाळी होकारच येईना. पडद्यावर एकच ओळ, ओळख पटली नाही. सोपाननं पासवर्ड पुन्हा टाकला, नवा करून टाकला, प्रोग्रॅम बंद करून चालू केला. बाहेर टँकरवाला भोंगा वाजवतोय, ऊन चढतंय, गावाचं दूध नासायच्या बेतात...

"तुझं यंत्रच खुळं हाय," मी म्हणालो.

"थांबा वो तात्या. ह्योच पासवर्ड मोबाईलवर चालतुया. म्हंजी पासवर्ड खरा. खोट हाय ती ह्या कॉम्प्युटरातच."

मग मोबाईल पडद्याशेजारी धरून त्यानं माझ्याकडं असं बघितलं! मोबाईलात सात दहा, कॉम्प्युटरात सात पंचवीस. पावतीवरची वेळ भिंतीशी जुळत नव्हती, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच्या माघारी मीच कॉम्प्युटरातली वेळ मापावरच्या बाईकडनं पुढं करून घेतली होती.

"प्रत्येक निरोपावर येळेचा शिक्का असतोय, तात्या. अजून न झालेल्या येळेचा निरोप डेअरी खोटाच समजणार की!"

वेळ लावली, लगेच होकार आला. बाहेर लोकांनी विचारलं, काय झालं हुतं? मी टँकरकडं वळलो. सोपान म्हणाला, "माझाच हात चुकला." पुढं दोन वर्षं लोकांनी त्याला 'हातचुके लाइनमन' म्हणून चिडवलं. तो हसायचा. खरं मी कुणाला सांगितलं नाही. भिंतीवरचं घड्याळ मात्र त्याला शिवू दिलं नाही.

"तात्या, खरी येळ लावा की आता. का मी मेल्यावर लावणार?" त्या शेवटच्या संध्याकाळी तो चिडून म्हणाला.

"व्हय, तवाच लावीन," मी म्हणालो...

त्याला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुलावर चढलो, घड्याळ पंधरा मिनिटं मागं घेतलं आणि रांगेला सांगितलं, "त्या दिवशी चूक माझी हुती. सोपानची न्हाय."

"ठाऊक हाय की तात्या," रांगेतली शेवंताबाई म्हणाली. "आन् घड्याळाचं बी ठाऊक हाय. आमी पंधरा मिनिटं धरूनच येतो."

सगळी रांग हसली, मीही हसलो. मग सोपानच्या खुर्चीत बसलो, एका बोटानं तिच्याच दुधाचा आकडा टाकला, आणि खऱ्या वेळेला डेअरीला धाडला.