पी-श्याने निवडलेली जोडी

तैवानमधल्या काओशुंगच्या चांगमिंग रस्त्यावर पी-श्याचं सुट्या भागांचं दुकान आहे. दोन गिऱ्हाइकं उभी राहिली की भरतं. कुणी ट्रान्झिस्टर मागितला तर ती आधी विचारते, "कशासाठी?" सांगितलं नाही तर देत नाही. माणूस चिडून पुढच्या दुकानात जातो आणि बरेचदा परत येतो.

तरुणपणी ती नान्त्झच्या कारखान्यात होती. केसाहून बारीक तारा ट्रान्झिस्टरच्या पोटात जोडायचं काम. दिवसभर मान वाकलेली, डोळा भिंगाला. चष्मा तिथेच लागला. काळ्या कवचाच्या आत काय असतं ते तिला तेव्हापासून ठाऊक, म्हणून वरच्या छापील अक्षरांवर तिचा विश्वास नाही. नवा माल आला की त्यातला एक ती पकडीत धरून फोडते आणि आतला तुकडा बघते. तुकडा ठरल्यापेक्षा लहान निघाला तर सगळा माल परत. "एक मारावाच लागतो," ती म्हणते. "नाहीतर लोकांच्या घरी जाऊन सगळे मरतात."

एका वर्षी माझू या समुद्रदेवीच्या मिरवणुकीत धुरामुळे फटाके बंद झाले. चांगमिंग रस्त्याचा ट्रक म्हणजे फटाक्यांचा ट्रक, आणि तो चालवायचा पी-श्याचा दीर खुन-शान. जुनी जहाजं तोडण्यात त्याचं उमेदीचं वय गेलं. बायको वारली, मुलगी तैपेईत. वर्षातला तो एक दिवस मात्र त्याचा होता. आता फटाकेच नाहीत तर ट्रक कशाला, असं मंदिराच्या समितीत निघालं. खुन-शान उठून म्हणाला, "आम्ही ठिणग्यांकडून देवीची धून वाजवून घेऊ. हवेत वीज उडवणारी टेस्ला कॉइल लावू."

समितीचे प्रमुख शिएकाका म्हणाले, "आधी अंगणात वाजवून दाखव. वाजली तर मिरवणुकीतली जागा तुझी. नाहीतर ती सिंहनाचवाल्यांना जाईल."

खुन-शानने नळीवर तार स्वतः गुंडाळली. एकदा वेढ्यावर वेढा चढला, तर सगळी उलगडून पहिल्यापासून. मग वहिनीच्या दुकानात आला.

"वहिनी, सगळ्यात मोठा ट्रान्झिस्टर दे. वेल्डिंग मशीनमधला, विटेएवढा."

"कशासाठी?"

"मला पण विचारतेस?"

"तुम्हाला आधी विचारते. भावजी, तुमची कॉइल सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद मागणार. त्या विटेला ते झेपत नाही. वीज सोडणारं तिचं दार उघडेपर्यंत बंद करायची वेळ होते. दार अर्धवट राहिलं की तापते, आणि तापली की फुटते."

"मग दार ढकलायला जोरकस चिप लाव."

"चिप लागते एवढं तरी कळलं. देवी पावली म्हणायची."

तिने मध्यम आकाराचे ट्रान्झिस्टर निवडले. व्होल्टेज पेलतील आणि दार हलकं असेल, असे. त्यांना ढकलणाऱ्या चिपचे तीन प्रकार तिने लावून बघितले. पहिली मंद निघाली. दुसरीवर नाव मोठं होतं, पण थोड्याच वेळात बोट ठेववेना; नाव खोटं. तिसरी दार उघडतानाही झटक्यात आणि मिटतानाही झटक्यात. ती ठेवली. मग ट्रान्झिस्टरच्या जोड्या लावायला बसली. दोघांचं दार एकाच दाबाला उघडलं पाहिजे, नाहीतर एक जण दोघांचं ओझं वाहतो. पट्टीभर ट्रान्झिस्टर तपासून मनासारख्या जोड्या निघाल्या दोनच.

दुकानात कमी व्होल्टवर कॉइल चालवली. शेजारी धरलेली ट्यूबलाइट तारेशिवाय पेटली. खुन-शान हसत सुटला.

चाचणीच्या दिवशी ट्रक मंदिराच्या अंगणात लागला. पी-श्याने मक्याच्या कुरमुरीत नळ्यांचं हिरवं पाकीट सर्किटशेजारी उभं केलं. इकडे त्याच्याशिवाय कुणी यंत्र सुरू करत नाही, मग ते दवाखान्यातलं असो की रेल्वेतलं. पाकीट हिरवंच हवं, तारीख उलटलेली नको. पाकिटावरच्या नावाचा अर्थच 'गुणी', म्हणून यंत्रही गुणी राहतं. तिने हात जोडले. खुन-शानने पूर्ण वीज सोडली.

जांभळी ठिणगी उडाली. अर्धा सूर निघाला. मग धाडकन आवाज झाला.

"फटाके बंद ना रे?" मागून कुणीतरी ओरडलं.

"एकच होता, माफ," शिएकाका म्हणाले. पण त्यांचा चेहरा पडला होता.

"हाताने वेढे दिल्यावर असंच व्हायचं," दुसरा म्हणाला. "आणि हात बघा त्याचे, कसे थरथरतात."

खुन-शानने हात पाठीमागे घेतले. "माझेच वेढे चुकले असतील," तो पुटपुटला. "वहिनी, उरलेल्या जोडीच्या जागी वीट लावून बघायची का?"

"थांबा."

तिने मेलेले दोन्ही ट्रान्झिस्टर तिथेच पकडीत फोडले. तुकडे पुरेसे मोठे होते. माल खोटा नव्हता. चिप शाबूत होती. तिने उरलेली जोडी बसवली, कमी व्होल्ट दिले आणि ट्यूबलाइट जवळ नेली. ट्यूब फडफडली. दुकानात फडफडली नव्हती. इथे काय वेगळं होतं? तिची नजर सर्किटच्या कडेच्या उभ्या तारेवर गेली. ती तार म्हणजे कॉइलचा कान. कधी उघडायचं, कधी मिटायचं ते तिच्यावरून चिपला कळतं. कानाला अगदी चिकटून पाकीट उभं होतं. पाकीट उचललं, ट्यूब स्थिर. ठेवलं, फडफड.

तिने वीज बंद केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली. "वेढे बरोबर आहेत. ट्रान्झिस्टर बरोबर होते. या पाकिटाला आतून चंदेरी मुलामा असतो, त्याने कान झाकला गेला. पाकीट मी ठेवलं. चूक माझी."

मग शिएकाका म्हणाले, "ते ठीक. पण पाकिटाशिवाय मशीन चालवायचं? तेही देवीसमोर?"

"फोडून वाटीत काढा," गर्दीतून कुणीतरी सुचवलं.

"फोडलं की त्यातला गुण गेला!" शिएकाका म्हणाले.

"देवीलाच विचारू," खुन-शान म्हणाला. त्याने कौल लावायच्या लाकडी चंद्रकोरींची जोडी जमिनीवर टाकली. दोन्ही सपाट बाजूने वर पडल्या. म्हणजे देवी नुसती हसली, हो की नाही ते सांगितलं नाही.

"हसणारच. मी पण हसले असते," पी-श्या म्हणाली.

दुसऱ्यांदा एक पालथी, एक उताणी पडली. परवानगी मिळाली. खुन-शानने पाकीट ट्रकच्या सीटवर नेऊन बसवलं आणि त्याला पट्टा लावला.

जोडी आता शेवटची होती. पी-श्याने स्क्रू पुन्हा आवळले, सोल्डरचे डाग पुन्हा तपासले, आणि नुकतंच बघितलं असूनही कमी व्होल्टपासून परत सुरुवात केली.

"उरक ना बाई," शिएकाका म्हणाले.

"उरकलं तर परत फटाका."

मग तिने मान हलवली. खुन-शानने वीज सोडली. ठिणगी वितभर वाढली, कडकडली आणि गायला लागली. सूर जरा नाकातला होता, पण धून देवीचीच. पुढे उभ्या बायकांनी हात जोडले. शिएकाकांनी टोपी काढली.

"अजून एकदा," ते म्हणाले.

दुसऱ्यांदा वाजून संपली तेव्हा खुन-शानने विचारलं, "काका, जागा?"

"जागा कुठे गेली होती? ट्रक वेळेवर आण म्हणजे झालं."

खुन-शान वळला. पी-श्याने वीज तोडली होती आणि मीटर लावून ती वीज साठवणारा कपॅसिटर रिकामा व्हायची वाट बघत होती. काटा खाली आल्यावर तिने ट्रान्झिस्टरच्या पाठीमागच्या धातूवर तळहात टेकवला आणि तसाच ठेवला.

"कोमट आहे," ती म्हणाली. "मिरवणूकभर टिकेल."