धोंडीबामामाचं ब्लँड

आमच्या ईट गावात कुणाच्याही घरी लग्न असलं तरी आमटी आचारी करतो आणि मीठ माझा मामा टाकतो. धोंडीबामामा. सत्तरी ओलांडलेला, अंगानं काटकुळा, आवाजानं दोन माणसांचा. बोलावणं आलं की टॉवेल खांद्यावर टाकून निघतो. मांडवामागं चपला लांब काढतो, भगुन्यातली वाफ बघतो आणि उजव्या मुठीतलं खडेमीठ गोल फिरवून सोडतो. आचाऱ्यानं ढवळायचं; चव जमेपर्यंत अशा तीन-चार मुठी. दर मुठीला आमटीचा एक थेंब तळहातावर, तळहात जिभेला, आणि डोळे मिटून मामा गप्प. त्यानं "वाढा" म्हटलं की मगच पंगतीला पहिली भाकरी पडते. एवढा एक मान सोडला तर मामानं गावाकडं काही मागितलं नाही. सरपंच व्हा म्हणून माणसं दारात आली, तर "तितं चव कोन बघतंय?" म्हणून गोठ्यात निघून गेला.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला मामाच्या पोटात आग पडायला लागली. दोन्ही वेळेला ठेचा खाल्ल्यावर दुसरं काय पडणार? पोरगा शंभू त्याला बार्शीला घेऊन गेला. डॉक्टरनं पोटात कॅमेरा घालून जखम बघितली, गोळ्या दिल्या आणि एक शब्द दिला.

"ब्लँड खायचं म्हणला डॉक्टर. लग्नापतोर," शंभूनं अंगणातच सांगून टाकलं. लग्न त्याच्याच पोरीचं, शिवकन्येचं होतं, महिन्यावर आलेलं.

"ब्लँड म्हंजी?" धुरपदामामीनं चुलीपासनं विचारलं.

"म्या न्हाय इचारलं. डॉक्टरफुडं अडाणी कशाला दिसायचं? घरात लेखक हाय की!"

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी बाजेवर पाय पसरून मामाच्या घरचं दूध पीत होतो. आता माझ्या कादंबऱ्यांबद्दल छापून येतं की भाषेला मातीचा वास आहे. एकदा असं छापून आलं की माणूस साधं पाणी मागतानासुद्धा शब्द निवडायला लागतो. मी पेला खाली ठेवला आणि मांडी घातली.

"मामी, त्याला आपल्यात एक शब्द न्हाय. सपक हाय, फिक्कं हाय, मिळमिळीत हाय. ताकात पाणी जादा झालं तर ते पानचट. मीठ नसलं तर अळणी. आता विंग्रजी माणूस जवा ब्लँड म्हणतो, तवा त्याच्या मनात..."

"माजी भाकर करपाय लागली. एक सांग."

"अळणी," मी म्हणालो.

का म्हणालो? शब्द देखणा आहे म्हणून. मधला 'ळ' जिभेवर असा काही लोळतो की सोडवत नाही. माणसाच्या पोटात ते अन्न जायचंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्या दिवसापासनं मामीनं मामाचं मीठ तोडलं. भाकरीत नाही, वरणात नाही, ताकात नाही. तिखट-मसाला शंभूनं आधीच बंद केला होता. मामा ताटाकडं बघून म्हणायचा, "जनावराला बी मिठाचा खडा चाटाय देत्यात. मी जनावराच्या बी खाली गेलो व्हय?" पण चोरून एक कण खाल्ला नाही. नातीच्या आमटीत मीठ टाकायला आपण धड उभं राहिलं पाहिजे, एवढं एकच त्याच्या डोक्यात. फोनवर मला सांगायचा, "तू सांगितलं म्हणून गिळतुया रं." मला ती तारीफ वाटायची.

लग्नाच्या दिवशी लोहाऱ्याचं वऱ्हाड जीपा भरभरून आलं. आमटी गुरुसिद्धप्पा आचाऱ्याची, भाजलेल्या डाळी-मसाल्याचा येसर घातलेली. वासानंच माणसं मांडवामागं डोकावून जात होती. मामानं एकच मूठ फिरवली, थेंब चाटला, डोळे मिटले आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाला, "वाढा!"

गुरुसिद्धप्पा हलेना. आमटी वाढायचं वगराळं हातात धरून तो हळूच माझ्याकडं आला. "साहेब, अज्जांला तुमीच सांगा. माजी हिंमत न्हाय."

मी चाखलं. आमटीत येसर होता, मिरची होती, सगळं होतं. मीठ तेवढं आलंच नव्हतं.

"मामा," मी सुरुवात केली, "आमटी झकास हाय. येसर नुसता बोलतोय. फकस्त थोडी, म्हणजे सौम्य म्हणावी, किंवा..."

"लेका, वऱ्हाड उपाशी हाय. नीट बोल."

"अळणी हाय."

मामानं परत थेंब घेतला. "मला तर खारट लागतीया." मग त्यानं गुरुसिद्धप्पाकडं बघितलं. गुरुसिद्धप्पा जमिनीकडं बघत होता. मामानं मिठाची पिशवी उचलली आणि त्याच्या हातात दिली. "आजपास्नं तूच टाक बाबा. जीभ गेली माजी." आणि तो तांदळाच्या पोत्यावर जाऊन बसला. नातीच्या लग्नात, मांडवामागं, टॉवेलात तोंड धरून.

शंभूनं घाबरून डॉक्टरला फोन लावला. स्पीकरवर.

"मीठ कुणी बंद केलं?" डॉक्टर ओरडले. "ब्लँड म्हणजे तिखट, मसाला, तळलेलं, आंबट नको. मऊ, साधं खायचं. चवीपुरतं मीठ घालायचं की हो! एवढे दिवस मीठ नाही म्हटल्यावर कणभरसुद्धा खारट लागणारच. सुरू करा, जीभ येईल ठिकाणावर."

फोन बंद झाला. नव्या लुगड्यातली मामी माझ्याकडं बघत राहिली. "कादंबऱ्या लिवतोस न्हवं तू?" ती म्हणाली. "त्यात बी आसंच आसंल समदं."

 

तेवढ्यात पोत्यावरनं खुसखुस ऐकू आली. मामा टॉवेलाआडून हसत होता. "म्हंजी जीभ माजी गेली न्हाय. अक्कल तुजी गेलीया!" तो उठला, गुरुसिद्धप्पाच्या हातातनं पिशवी परत घेतली आणि मला भगुन्यापाशी ओढलं. "हात माजा, जीभ तुजी. पन भाषण नगं. 'पुरं' का 'आनिक', येवडंच बोलायचं."

मूठ फिरली. मी चाटलं. "आनिक."

मूठ फिरली. "आनिक."

तिसऱ्या मुठीला चव अशी काही उमलली की माझ्या तोंडात अख्खा परिच्छेद तयार झाला. मामी बघत होती. मी परिच्छेद गिळला. "पुरं."

मामानं डोळ्यानंच गुरुसिद्धप्पाला विचारलं. त्यानं चाखून मान हलवली, मगच माझं 'पुरं' धरलं गेलं.

"वाढा!"

लोहाऱ्याकडच्यांनी आमटी मागून मागून ओरपली. मामाच्या ताटात मामीनं गुरगुट्या भात, मुगाचं वरण, तूप आणि वरून चिमूटभर मीठ घातलं. मामानं पहिला घास घेतला, डोळे मिटले. मी तुपाची वाटी धरून उभा.

"ह्येला म्हनत्यात व्हय ब्लँड?"

"व्हय, मामा."

"मंग वाढ की आनिक जरा ब्लँड."

मामाची जीभ ठिकाणावर आली, मीठही परत त्याच्याच मुठीत आलं. पण शब्द गावात राहिला. आता ईटच्या पंगतीत वाढपी आमटीच्या मागनं वरण-भाताची बादली घेऊन "ब्लँड, ब्लँड!" ओरडत फिरतो आणि म्हातारी माणसं हात वर करतात. इतकी वर्षं लिहून भाषेत मी घातलेली भर म्हणाल तर ही एवढीच. परवा एका लग्नात ही गोष्ट मी शेजारच्या पाव्हण्याला रंगवून सांगत होतो, तर पंगतीतली एक म्हातारी खेकसली, "ते लिवनं-बोलनं ऱ्हाऊ द्या वो, हिकडं ब्लँड वाढा आदी!"