दाराबाहेरची पनवती

सोफावाल्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांचंही त्यावाचून काही अडलं नव्हतं. मोडका सोफा, कुरकुरणारी खुर्ची, मधोमध बसलेली गादी, सगळं त्यांच्या दुकानात यायचं आणि ठणठणीत होऊन परत जायचं. आधी जुनं कापड सोलून काढायचं, खालचे पट्टे ताणून बसवायचे, स्प्रिंगा आवळायच्या, वर फोम, त्यावर नवं कापड आणि कडेनं बारीक खिळ्यांची रांग. खिळे तोंडात धरून बोलायची त्यांना सवय होती. त्यामुळे त्यांचं अर्धं बोलणं गिऱ्हाइकाला कळायचं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या आवडीनिवडीबद्दल ते जे काही पुटपुटायचे ते पाहता हे बरंच होतं.

त्या पुटपुटण्यात एक शब्द मात्र स्वच्छ ऐकू यायचा. पनवती. पिना मारायची बंदूक अडकली, की ‘या बंदुकीला पनवती लागलीय.’ ऐन शिलाईत वीज गेली, की त्या वेळी दारात जो उभा असेल तो पनवती. ‘काय सोफावाले, आज निवांत दिसताय,’ असं कुणी सहज म्हणालं, की हे हातोडी उगारून म्हणायचे, ‘जा बाबा, जा! पनवती लावू नकोस!’

मोठा मजेशीर शब्द आहे हा. एखाद्याला करंटा म्हणा, तो चिडेल. अवलक्षणी म्हणा, भांडण होईल. पनवती म्हटलं की हसायचं असतं, ज्याला म्हटलं त्यानंसुद्धा. ज्योतिषांच्या पोथीत त्याचा काय अर्थ असेल तो असो, रोजच्या बोलण्यात त्याची गंमत वेगळीच आहे. दुर्दैव ज्याचं त्याचं असतं, ज्याचं त्यानं भोगायचं. पनवती माणसाचं स्वतःचं काहीच बिघडत नाही, बिघडतं ते दुसऱ्याचं. म्हणून त्याला कुणी शिव्या देत नाही की मारत नाही. नुसतं जरा बाजूला बसवतात.

एवढा पनवतीचा जाणकार माणूस, पण एक दिवस आपणच पनवती ठरू, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. ठरले. तेही पोटच्या पोरीच्या बाबतीत.

पोरीचं घरातलं नाव बारकी. जन्मली तेव्हा मूठभर होती म्हणून ते पडलं, आणि पुढे खांदे दाराएवढे झाले तरी कुणी बदललं नाही. शाळेतून आली की दप्तर फेकून दुकानात. एकदा एका लांबलचक सोफ्याला पाय बसवायचे होते आणि हात द्यायला कुणी मिळतंय का म्हणून सोफावाले रस्त्यावर डोकावत होते. मागे वळून बघतात तर हिनं एका बाजूनं सोफा उचललेला. म्हणाली, “लावा.” त्यांनी एक पाय लावला, दुसरा लावला, आणि ही आपली उभीच, वर विचारतेय, “बाबा, शाळेची सहल आहे, जाऊ का?” समोरच्या व्यायामशाळेचे मास्तर चहाचा कप घेऊन दारात उभे होते. त्यांचा चहा तसाच राहिला. पुढच्याच आठवड्यापासून बारकी त्यांच्याकडे वजनं उचलायला जाऊ लागली.

तिच्या पहिल्या स्पर्धेला सोफावाले नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले. वजन उचलायला प्रत्येकीला तीन संधी असतात. बारकीच्या तिन्ही वाया गेल्या आणि ती बाद झाली. पुढच्या स्पर्धेलाही ते बसले आणि तसंच झालं. त्याच्या पुढच्या वेळी एका हॉटेलच्या खुर्च्यांचं काम गळ्यात पडलं, यांना जाता आलं नाही आणि बारकी पहिला नंबर घेऊन घरी आली. आईनं तिला मिठी मारली, नवऱ्याकडे वळली आणि हसत हसत म्हणाली, “अहो, म्हणजे पनवती तुम्हीच की!” सगळे हसले. सोफावाले तर पोट धरून हसले. पण मनात किडा वळवळायला लागला. खात्री करायची म्हणून पुढच्या वेळी ते हॉलच्या दाराआडून हळूच डोकावले, आणि नेमका तेव्हाच बारकीच्या हातून दांडा सुटला. झालं! सोफावाल्यांनी कानाला खडा लावला.

आता कुणी म्हणेल, पोर नवखी होती, बाप समोर बसला की कुठलीही पोर बावरते. म्हणणाऱ्याचं काय जातं? ज्याची पोर असते ना, त्याला असलं शहाणपण सुचत नाही.

तेव्हापासून सोफावाल्यांनी बारकीच्या स्पर्धा नुसत्या ऐकल्या. प्रत्येक गावी तिच्याबरोबर जायचे, तिची जड पिशवी हॉलच्या दारापर्यंत न्यायचे आणि तिथंच थांबायचे. बायको आत, हे बाहेर. कधी पायरीवर, कधी पाण्याच्या टाकीला टेकून. आतून धाडकन आवाज आला की हे ताडकन उठायचे. पंचाईत अशी, की वजन नीट उचललं तरी शेवटी ते खालीच टाकायचं असतं, आणि हातून सुटलं तरी खालीच पडतं. आवाज दोन्हीचा एकच. मग जीव मुठीत धरून टाळ्यांची वाट बघायची. त्यातही पोरीचं मन राखायला वाजवलेल्या टाळ्या कुठल्या आणि खऱ्या कुठल्या, हे हळूहळू त्यांना कळायला लागलं.

बरं, मोबाईलवर तरी बघावं! तेही नाही. “अहो बाबा, होऊन गेलेल्या स्पर्धेला आता काय पनवती लागणार?” बारकी म्हणायची. हे म्हणायचे, “उगाच कशाला?” आणि विषय बदलायचे. स्पर्धेच्या दिवशी त्यांच्या बहिणीचा न चुकता फोन यायचा, “दादा, बाहेरच आहेस ना रे?” “आहे, आहे. पनवती आपल्या जागेवर आहे,” असं म्हणून ते खो खो हसायचे. फोन ठेवला की त्यांना वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं. पण ज्या शब्दावर आपणच जन्मभर हसलो त्याचं वाईट वाटलं असं सांगायचं कसं आणि कुणाला?

अशी वर्षं गेली आणि बारकीच्या कमरेनं दगा दिला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ठरलेली एक स्पर्धा कर आणि थांब, पुढचं मी ऐकून घेणार नाही. ती स्पर्धा सगळ्यांत मोठी होती. तिथलं मेडल बारकीला कधीच मिळालं नव्हतं. या वेळी मिळेल असं मास्तरही म्हणत होते. म्हणून सोफावाल्यांनी जास्तच काळजी घेतली. दारात न थांबता पार लांब, पार्किंगमध्ये एका टेम्पोच्या आडोशाला जाऊन बसले.

स्पर्धेत वजन दोन प्रकारे उचलतात. पहिल्यात दांडा जमिनीवरून एकदम डोक्यावर न्यायचा, दुसऱ्यात आधी खांद्यावर घ्यायचा आणि मग वर. पहिला प्रकार आटोपला, मध्ये थोडी विश्रांती होती, आणि सोफावाले बघतात तर बारकी पार्किंगमधून त्यांनाच शोधत येतेय. हात पांढऱ्या पावडरीनं माखलेले, कमरेला रुंद पट्टा.

“बाबा, चला आत.”

“वेडी आहेस का? मेडल हातातोंडाशी आलंय आणि...”

“आणि काय?”

“तुला माहितीय काय ते.”

“लागू दे पनवती.”

“बारके, असं बोलू नये!”

“का बोलू नये? तुम्हाला भीती वाटते, मला नाही वाटत. बाबा, आज संपलं. उद्यापासून मी काही उचलणार नाही. पुढे कुणी विचारलं, तुमची पोर वजनं कशी उचलायची हो, तर काय सांगणार? आवाज छान यायचा?”

सोफावाले टेम्पोच्या चाकाकडे बघायला लागले.

“हरले तर हरले,” ती म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता. “मेडल मिळालं तर कपाटात ठेवीन. पण तुम्ही मला बघितलंच नाहीत, तर ते कुठं ठेवू मी?”

आणि तिनं त्यांचं मनगट धरलं. तो तळहात रंधा न मारलेल्या लाकडासारखा खरखरीत होता. असा हात धरून ओढल्यावर माणूस काय बसून राहणार?

आत बायकोनं त्यांना बघितलं. “अहो, तुम्ही?” म्हणून ती ओरडणारच होती, पण तेवढ्यात तिला त्यांचा चेहरा दिसला. तिच्या शेजारच्या खुर्चीवर तिची पर्स होती, ती उचलून तिनं मांडीवर घेतली. इतकी वर्षं प्रत्येक स्पर्धेला ती शेजारची खुर्ची अशीच पर्स ठेवून धरायची, हे सोफावाल्यांना त्या दिवशी कळलं.

बारकी आली. तिची चाल बघूनच ते चपापले. ही घरात चालते तशी नव्हतीच चालत. दांड्यासमोर उभी राहिली, वाकली, दोन्ही हातांनी तो धरला आणि क्षणभर सगळं थांबलं. मग काय झालं ते डोळ्यांना नीट कळलंसुद्धा नाही. दांडा वर आला, ती त्याच्या खाली शिरली, खांद्यावर घेऊन उकिडवी बसली आणि तिथून हळूहळू उभी राहिली. दांड्याची टोकं वजनानं वाकली होती. एक श्वास, एक हिसका, आणि ते सगळं लोखंड तिच्या डोक्यावर. हात सरळ, पाय घट्ट. आणि ती हलत नव्हती! एवढं ओझं डोक्यावर घेऊन पोर शांत उभी होती. समोर पंचांचे तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे वजन मान्य झालं, तिनं दांडा सोडला आणि तो नेहमीचा धाडकन आवाज आला. फक्त आज तो कानात नाही, पायाखालच्या जमिनीतून थेट छातीत आला.

“हे असं असतं?” सोफावाल्यांनी बायकोला विचारलं.

“असंच असतं.”

“दर वेळी?”

“दर वेळी.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगत तर होते अहो, घरी आल्यावर दर वेळी. सांगून कळतं का ते?”

दुसऱ्या खेपेलाही जमलं. तिसऱ्या खेपेला जे वजन लावलं, ते उचललं तर मेडल, नाहीतर काही नाही. बारकीनं ते खांद्यावर घेतलं आणि खाली बसली ती उठेचना. मान फुगली, पाय थरथरायला लागले. उठत नाही, उठत नाही, आणि उठली! सोफावाले नकळत स्वतःही उभे राहिले. तिनं हिसका दिला, दांडा डोक्यावर गेला, एक कोपर मात्र लचकलं आणि सगळं मागे कोसळलं. मेडल गेलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. बायकोनं घाबरून यांच्याकडे बघितलं, कारण आता हा माणूस स्वतःला खाऊन टाकेल असं तिला वाटलं. हे मात्र आ वासून समोर बघत होते. पनवती हा शब्द जगात आहे हेच त्या वेळी ते विसरले होते. एवढं ओझं घेऊन आपली पोर खालून वर आली, हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

बारकी तिथंच लाकडी चौथऱ्यावर बसली. बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून मधोमध ठेवले आणि अनवाणी चालायला लागली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवायला लागला. सोफावाल्यांना वाटलं, पोर हरली, भान हरपलंय, बूट विसरून चाललीय. इतक्या वर्षांत कधी आत पाऊल टाकलं असतं तर तिथल्या रीती कळल्या असत्या ना! बायको “अहो, अहो!” करत राहिली आणि हे खुर्च्यांमधून वाट काढत, कुणाचा तरी हात झटकत, थेट चौथऱ्यावर गेले आणि बूट उचलले.

“बारके! बूट राहिले गं!”

टाळ्या थांबल्या. मास्तर पुढे झाले आणि हळूच म्हणाले, “सोफावाले, खेळ सोडताना बूट इथंच ठेवून जातात. ठेवा ते.”

सोफावाल्यांनी हातातल्या बुटांकडे बघितलं. समोर एवढा मोठा हॉल त्यांच्याकडे बघत होता. ते गुडघ्यांवर बसले, बूट जागेवर ठेवले, जोडीनं सरळ केले, नाड्या आत खोचल्या. शेजारी तो दांडा पडला होता, वजनांसकट. त्यांनी त्यावर हात ठेवून बघितला. मग उठून दोन्ही हातांनी धरला. जन्मभर सोफे हलवलेले हात होते. त्यांनी ओढला. दांडा जागचा उठला नाही. दात आवळून पुन्हा ओढला, कपाळावरची शीर टरारली, तरी जमीन सुटेना. ते मटकन खाली बसले.

बारकी अनवाणी परत आली आणि त्यांच्याशेजारी फळ्यांवर बसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

“जड आहे गं,” सोफावाले म्हणाले.

“हो बाबा,” ती म्हणाली.