आरशात न आलेली देवी

कोरन पेरुवण्णान वर्षातले बरेच महिने शिंपी होता आणि उरलेले देवी. पय्यन्नूरच्या बाजारात तो शाळेचे गणवेश शिवायचा आणि गिऱ्हाइकांची बोलणी खायचा. देवीच्या नाचाचा हंगाम आला की गावच्या देवराईत तोच कोरन डोक्यावर माणसाहून उंच मुकुट चढवून भगवती व्हायचा. बाही आखूड झाली म्हणून ज्यांनी त्याला आदल्या आठवड्यात झापलेलं असे, तेच त्याच्यापुढे हात जोडून रडायचे. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कोरनलाही नाही. भगवती सगळ्यांना लेकरू म्हणते, ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यालाही. रांगेत उभी असलेली कोरनची बायको चिरुताही त्या घटकेला लेकरूच.

सगळं अडलेलं असायचं ते एका वीतभर आरशावर. चेहरा रंगला, मुकुट बांधला, की शेवटी त्याच्यासमोर आरसा धरत. अकरा दिवसांचं व्रत, अर्धपोटी जागरण, कानाशी वाजणारे चेंडे ढोल, आणि आरशात ती. कोरन त्यात एकतीस वर्षांत एकदाही दिसला नव्हता. ती दिसली की अंग आपोआप कापायला लागायचं. बापाने त्याला बजावून ठेवलं होतं, "ती दिसल्याशिवाय पाटावरून उठलास तर तू नुसता सोंगाड्या."

दोन वर्षांमागे त्यांची एकुलती एक लेक प्रसीता काविळीने गेली. एकोणीस वर्षांची होती. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून ती कोरनला दिसायला लागली. विहिरीच्या पाण्यात, दुकानाच्या काचेत, केसांना तेल चोळत बसलेली. बोलायची नाही. दुकानातला आरसा त्याने भिंतीकडे तोंड करून ठेवला, तर ती कात्रीच्या पात्यात दिसली. कोरन धसकला होता. आणि एखाद्या दिवशी ती दिसली नाही की त्याचा जीव कासावीस व्हायचा, हेही तितकंच खरं.

न राहवून त्याने चिरुताला सांगितलं. ती आधी पांढरीफटक पडली, मग भडकली.

"नऊ महिने पोटात मी वाहिली. आणि दिसते कुणाला, तर तुम्हाला?"

"मी काय बोलावणं धाडतो तिला?"

"मग रोज कशी येते? मी काय घोडं मारलंय तिचं?"

तिनेच त्याला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाई समजुतीच्या होत्या. "कोरनेट्टा," त्या म्हणाल्या, "डोळे नुसता उजेड आत नेतात. त्याचं चित्र मेंदू जुळवतो. तो उपाशी असला, झोपेविना असला, दुःखात बुडालेला असला, की आपल्याजवळचंच चित्र पुढे करतो. या गोळ्या घ्या. झोप लागेल, ती दिसायची थांबेल."

"आणि भगवती?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळीला त्यातला फरक कळत नाही हो."

दोन महिन्यांत विहिरीत नुसतं पाणी उरलं. गोळी चुकवायची नाही, अशी चिरुताने मुलीची शपथ घातली होती. म्हणून यंदा देवराईतल्या झावळ्यांच्या खोपीत व्रताला बसल्यावरही तो रोज शहाळ्याच्या पाण्याबरोबर गोळी घेत राहिला आणि मुकाट झोपत राहिला. तिकडे घरी चिरुताने यंदा त्याच्याइतकाच कडक उपास धरला होता. सगळ्या रात्री ती ओट्यावर बसून काढत होती. हे त्याला कुणीच सांगितलं नाही.

बाराव्या दिवशी सकाळी त्याचा चाळिशीतला भाचा चिंडन त्याला जमिनीवर उताणा निजवून चेहरा रंगवायला बसला.

"मामा, घोरताय? घोरणारी देवी पहिल्यांदाच रंगवतोय मी."

दुपारी मुकुट चढला. चेंडे तापले. चिंडनने आरसा धरला.

आरशात कोरन होता. लाल-पिवळ्या रंगाखाली अठ्ठावन्न वर्षांचा शिंपी, डावी पापणी जरा लोंबलेली.

"वर धर."

"वरच आहे, मामा."

कोरनने पुन्हा बघितलं. पुन्हा शिंपीच. बाहेर तीनशे माणसं उन्हात उभी होती. बापाचे शब्द आठवले आणि तरी तो उठला. अंग मुद्दाम कापवलं, हात मुद्दाम थरथरवले. बायाबापड्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या. म्हणजे कुणालाच कळलं नाही! त्याला हायसं वाटायला हवं होतं, पण मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रांग सरकत होती. तो तळहातांवर हळदीची पूड ठेवत होता, "भिऊ नको, लेकरा" म्हणत होता, आणि प्रत्येक वेळी स्वतःला शिवी देत होता.

चिरुताची पाळी आली. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. दरवर्षी ती खाली मान घालून हात पुढे करायची. आज तिने सरळ त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि बघतच राहिली.

"आलीस होय गं?" ती म्हणाली. "केवढी वाट बघायला लावलीस मला."

हळदीचं ताट धरलेला चिंडन जागच्या जागी थिजला. कोरनने मागे वळून पाहिलं, तिथे कुणीही नव्हतं. त्याने चिरुताच्या डोळ्यांत मुलीला शोधलं. तिथेही त्याला एक मुकुट तेवढा दिसला. 'लेकरा' हा शब्द ओठांवर आला होता.

"आले, अम्मे," तो म्हणाला.

मागची म्हातारी माणसं कुजबुजली. भगवती कुणाला आई म्हणाल्याचं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी खोबरेल तेलाने रंग उतरवून कोरन खोपीत बसला होता. चिरुता पेज घेऊन आली. दोन वर्षांत तिचा चेहरा इतका शांत त्याने पाहिला नव्हता. त्याने कनवटीची गोळी काढली आणि तो ती हातात धरून बसला. ती आपण घ्यावी की हिला द्यावी, हे त्याला कळेना.

"वाळलीय हो पोर," चिरुता म्हणाली. "तुम्ही कधी बोलला नाहीत मला."