कुंकवाचं बोट

माझं रेल्वेचं छोटं मॉडेल इंजिन आजही वळणावर अडखळून थांबलं. घरातला पहिला पदवीधर मी. पहिल्या पगारातून ते हौसेनं घेतलं होतं. दसऱ्याला ते उघडून बसलो असताना आईनं पूजेचं ताट आणलं आणि थेट आतल्या मोटरलाच कुंकवाचं बोट लावलं. "यंत्राचा जीव आत असतो," म्हणाली.

मग कॉलेजचा मित्र सुधीर ते त्याच्या तशाच इंजिनासोबत प्रदर्शनाला घेऊन गेला, आणि परत आल्यापासून हे असं. मी रूळ पुसले, चाकं स्पिरिटनं घासली, वायर बदलली. बिघाड शोधताना आपण आधी धुळीवर संशय घेतो; आपल्या माणसावर सगळ्यात शेवटी. तोवर धूळ बिचारी शिव्या खाते.

आज मोटर बाहेर काढली. ती कोरी होती. कुंकवाचा ठिपका कुठेच नव्हता.

सुधीरला फोन केला. मागे त्याचं इंजिन गुणगुणत होतं.

"तुझं म्हातारं झालं रे," तो हसला. "माझं बघ, कसं पळतंय."

"पळू दे," मी म्हटलं. "फक्त मोटर पुसू नकोस. आईनं लावलेलं कुंकू आहे तिच्यावर."

त्याच्या मागे माझी मोटर पळतच होती, कुठेही न अडखळता.