कुंभारणीचं घर

शिमग्याला नवरा मुंबईहून आला, पालखी नाचवली, आठवडाभर राहून परत गेला, आणि तो गेल्यावर थोड्याच दिवसांत आमच्या माजघराच्या चौकटीवर कुंभारीण आली. साल १९९९. लग्नाला वर्ष झालं होतं. चिऱ्याच्या त्या घरात उरलो आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई.

कुंभारीण म्हणजे पिवळ्या-काळ्या अंगाची, दोऱ्याएवढ्या कमरेची माशी. ती तोंडातून चिखलाची गोळी आणायची आणि लाकडावर बोटाच्या पेराएवढं मडकं घडवायची. एक झालं की त्याला चिकटून दुसरं. मडकं घडवताना एकसारखी गुणगुणायची. नर म्हणून कधी दिसला नाही. तिचाही मुंबईलाच असणार, असं मी मनात म्हटलं.

सासूबाईंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "कुंभारणीन घर बांदलान गो बाय," त्या म्हणाल्या, "आता पालना हलनार." मग त्यांनी मला नियम सांगितले. त्या चौकटीला केरसुणी लावायची नाही. घर फुटून माशी बाहेर पडेपर्यंत, ज्या बाईसाठी ते बांधलंय तिनं गावाची शीव ओलांडायची नाही.

मी देवरूखला बारावीपर्यंत शास्त्र शिकले होते. मला हसू आलं. पण त्या महिन्यात पाळी चुकली आणि हसायची सोय राहिली नाही.

त्याआधी सासूबाई मला गुळाचा डबा कुठे ठेवलाय हेही सांगत नसत. आता त्यांनी मला कामातून उठवलंच. पाणी भरायचं नाही, जात्याला हात लावायचा नाही. माजघरात गारवा असतो म्हणून माझी खाट तिथे हलवली, नेमकी त्या चौकटीलगत. सकाळी पेज, मग भाकरी, मग दूध, मग खसखशीची खीर. त्या समोर बसून घास मोजल्यासारख्या बघायच्या. माझ्याकडे नव्हे, माझ्या पोटाकडे. त्यांच्या बोलण्याला मी कधी घाबरले नव्हते, पण या मायेची मला भीती वाटायला लागली.

खाल्लेलं मात्र काही राहत नव्हतं. सगळं उलटून पडायचं. त्या परसात नेऊन तोंड धुवायच्या आणि पुन्हा ताट वाढायच्या.

दुपारी गाव झोपलं की मी वर बघत पडायची. दुसरं बघण्यासारखं काही नव्हतंच. कुंभारीण बाहेरून हिरवी अळी घेऊन यायची, पोटाशी धरून. मडक्याच्या तोंडाशी बसून ती अळी आत लोटायची. अळी विरोध करत नसे. लोंबत असे नुसती. एका मडक्यात अशा बऱ्याच अळ्या भरून झाल्या की ती तोंड लिंपून टाकायची. आढ्यावरची पाल तिच्यावर टपून असायची. एकदा तिनं झेप घेतलीही, पण कुंभारीण निसटली आणि थोड्या वेळानं पुन्हा चिखल घेऊन हजर झाली.

एके दुपारी मी वेगळंच बघितलं. कुंभारीण अळी आणायला गेली होती. चौकटीच्या फटीतून दुसरी एक माशी बाहेर आली. लहान, हिरवी, मोरपिसासारखी चमकणारी. ती तिथे आधीपासूनच दबा धरून बसलेली असावी, कारण मला ती येताना दिसली नाही. ती उघड्या मडक्याशी गेली, उलटी वळली, शेपटाकडून आत शिरली आणि लगेच बाहेर येऊन फटीत नाहीशी झाली. कुंभारीण परतली, तिनं अळी आत लोटली आणि मडकं लिंपलं. तिला काही कळलं नाही. मी सासूबाईंना हाक मारायला तोंड उघडलं आणि काय सांगायचं ते न सुचून मिटलं.

मग वैशाखातल्या वाऱ्यानं एकदा दार आपटलं आणि कडेचं एक मडकं सुटून माझ्या वाकळेवर पडलं. फुटलं. आत अळ्या दाटीवाटीनं बसवलेल्या होत्या, आणि त्यातल्या एकीच्या कुशीला पांढरा, गुबगुबीत किडा तोंड लावून बसला होता. मी केसातली पिन काढून दुसऱ्या अळीला टोचली. ती आकसली. पुन्हा टोचली, पुन्हा आकसली. म्हणजे त्या मेलेल्या नव्हत्या. त्यांना हलता येत नव्हतं, एवढंच. पोराला ताजं अन्न मिळावं म्हणून जिवंत ठेवलेल्या होत्या.

"आई, हा किडा यांना जित्या खातोय," मी ओरडले.

सासूबाई धावत आल्या. त्यांनी किड्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. "खात नाय गो. ही अळीच कुंभारीण होते. कुंभारीण तिच्या कानात गुनगुनत ऱ्हाते, माज्यासारकी हो, माज्यासारकी हो. ध्यास लागतो आन् अळीला पंख फुटतात." त्यांनी ते सगळं, किडा, अळ्या, खापऱ्या, पदरात गोळा केलं. तुळशीतली माती भिजवून आणली आणि बोटांनी चौकटीवर जसंच्या तसं लिंपलं. नंतर त्याच हातांनी, धुऊन, मला दूध दिलं. मी ते प्यायले. न पिऊन सांगते कुणाला? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

पोट भराभरा वाढायला लागलं. इतक्या लवकर एवढं वाढत नाही, हे मलाही कळत होतं. वाडीतल्या बायका बघून जायच्या आणि "जुळं हाय" म्हणायच्या. इकडे माझ्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरायला लागल्या होत्या. आरशात बघितलं की डोळे आत गेलेले, गालाची हाडं वर आलेली आणि खाली हे पोट. सासूबाई समाधानानं म्हणायच्या, "प्वार वडून घेतंय. चांगलं हाय." त्यांच्या दृष्टीनं पोरानं ओढून घ्यावं आणि आईनं द्यावं, यात नवल काय होतं? मला मात्र रोज दुपारी वाटायचं की मी मरणार. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणायच्या, पहिलटकरणीला असंच वाटतं.

नवऱ्याला फोन करायचा तर बूथ बाजारात, बाजार शिवेपलीकडे. त्याला सासूबाईंनी पोस्टातून आनंदाची बातमी कळवली होतीच. त्यानं उलट टपाली कळवलं, आईचं ऐक.

मग एका सकाळी रक्त गेलं. थोडं, काळपट. सासूबाई म्हणाल्या, "डाग पडतात कुनाकुनाला. पडून ऱ्हा." दुसऱ्या दिवशी जास्त गेलं. मी उठले, लुगड्याची घडी घेतली, पिशवी भरली आणि म्हटलं, "आई, मी रत्नागिरीला डॉक्टरकडे चालले."

त्या उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. दोन्ही हात चौकटीला लावून. "घर फुटलं नाय अजून. शीव वलांडलीस तर प्वार जाईल."

"आणि मी गेले तर?"

खरं सांगायचं तर त्यांना प्रश्न समजलाच नाही. माझं डोकं फिरलं. खाटेशी पाण्याचा तांब्या होता, तो उचलून मी त्यांच्या डोक्यावरच्या चौकटीवर हाणला. मडकी फुटली, माती त्यांच्या केसांत पडली. त्या किंचाळल्या, मी त्यांनाच मारलं असतं तरी किंचाळल्या नसत्या इतक्या.

"घ्या, फुटलं घर," मी म्हटलं.

खापऱ्यांबरोबर बऱ्याच वाळक्या कातड्या पडल्या. अळ्यांचं तेवढंच उरलं होतं. आणि त्या कचऱ्यातून काहीतरी हळूहळू चालत बाहेर आलं. ओले पंख, लहान अंग. सासूबाई हात जोडायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. ते पिवळं-काळं नव्हतं. हिरवं होतं, मोरपिसासारखं चमकत होतं. त्यानं पंख वाळवले, त्यांच्या पायावरून चालत उंबऱ्यावर गेलं आणि उडालं.

"ही तिची न्हवं," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता असा झाला होता. "तिच्या घरात भलतंच व्हतं."

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. इतके दिवस बघत होत्या तसं नव्हे, घाबरून. मग आत गेल्या, डब्यात पेज भरली, डोक्यावरची माती झटकली आणि म्हणाल्या, "चल. एश्टी चुकंल." मी शास्त्र शिकलेली, पण मला त्या दारातून सोडवलं ते शास्त्रानं नाही. त्यांच्या शकुनानं अडवलं आणि त्यांच्या शकुनानंच सोडलं.

रत्नागिरीतल्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीचा पडदा बराच वेळ बघितला. पडद्यावर नुसता हिमाचा पाऊस पडल्यासारखं दिसत होतं. त्या म्हणाल्या, "मूल नाहीये. याला द्राक्षगर्भ म्हणतात. वार तेवढी वाढत गेलीय, द्राक्षांच्या घोसासारखी. मूल धरलंच नाही. आजच पिशवी रिकामी करावी लागेल. आणखी थांबला असतात तर हिच्या जिवावर बेतलं असतं."

सासूबाई पेजेचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग मी येवडे दिस जेवू घालीत व्हते, ती कुनाला?"

मी टेबलावर पडल्यापडल्या म्हटलं, "मला."

संध्याकाळी शुद्धीवर आले तेव्हा त्या खाटेशी होत्या. पेज आंबून गेली म्हणून त्यांनी ओतून टाकली होती. डबा धुऊन पालथा घातलेला होता. परिचारिकेनं आता थोडं खायला द्या म्हणून सांगितलं. त्या बाहेर जायला उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"तुला काय आवडतं गो खायाला?" त्यांनी विचारलं.

वर्षभरात हे मला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं, आणि मला काही केल्या आठवेना.