डाळ करपल्याचा प्रसंग

पोलीस ॲक्शननंतरच्या वर्षांत गुलमंडीमागच्या गल्लीत आम्ही बिऱ्हाड केले. आमच्या आणि शेजारच्या मुसलमान कुटुंबाच्या अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. माझी पत्नी लासूर स्टेशनकडच्या खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदी मुळीच कळत नसे. शेजारणीला ती भाभी म्हणे. दुपारच्या जनाना खेळाला दोघी मिळून जात. चित्रगृहात बायकांच्या बाकांपुढे पडदा असे आणि अंधार झाला की तो सरकवीत. मग भाभी प्रत्येक संवाद पत्नीच्या कानात आपल्या दखनी-मराठीत उतरवीत.

मी संस्कृतचा अध्यापक. गुरुगृही असताना करमणुकीचे खेळ न पाहण्याचा नियम घेतला होता आणि तो निष्ठेने पाळीत आलो होतो. त्यामुळे साऱ्या देशाने डोक्यावर घेतलेला तो विनोदी चित्रपट मला ठाऊक झाला तो भिंतीवरूनच. तो शहरात पुन्हा लागला की दोघी पुन्हा जात आणि परतल्यावर भिंतीशी उभ्या राहून तो पुन्हा सांगत. त्यात एक प्रसंग होता. नायक आचाऱ्याचे सोंग घेऊन मुलीच्या घरात शिरतो आणि डाळ करपवतो. मुलीचा तापट मामा ताटाकडे बोट दाखवून विचारतो, “हे काय आहे?” यावर भाभी कमरेवर हात ठेवून नायकाचे उत्तर देत :

“सुबू तलक तो दाल थी, मियाँ. अब तुम्हारे नसीब की बात है!”

पत्नी भिंतीला धरून खाली बसे. शास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, स्मितापासून अतिहसितापर्यंत. तिचे हसणे त्यांपैकी कोणते, हे मला कधी ठरवता आले नाही.

“पंडितजी,” भाभी ओरडत, “हंसना है तो हंसो. पोथी के पीछे कायकू छुपते?”

“त्यांना एकदा न्यायला पायजे,” पत्नी डोळे पुशीत म्हणे. “अहो, बघा तरी. भाभी सांगत्यात तसंच हाय समदं.”

पुढे भाभी गेल्या. त्यांच्या मुलांनी घर विकले आणि नव्या मालकाने भिंत उंच केली. नंतर पत्नीला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय थोडे सुधारले, पण बोलणे जवळजवळ थांबले आणि हसणे पार गेले. डॉक्टर म्हणाले, “जुनं, आवडीचं काही दाखवून पाहा. खात्री नाही, पण एखादे वेळी उजळतं.”

आमच्या मुलाने त्या चित्रपटाची कॅसेट घरी आणली. मी सायंसंध्या आटोपली, देवापुढे सुपारी ठेवून गुरूंची क्षमा मागितली आणि नियम सोडला. ती जिथे हसेल तिथे मी शेजारी असावे, एवढीच इच्छा होती. तिला उशांच्या आधाराने बसवले आणि तिचा हात हाती घेतला.

चित्रपट सुरू झाला. माणसे पडत होती, दारांवर आपटत होती, वाद्ये कर्कश वाजत होती. मी धीर धरून पाहत राहिलो. ज्याने पिढ्यांना हसवले, त्याचे मर्म आपल्याला उशिरा सापडेल, असे मनाला बजावीत होतो. तिचा चेहरा मात्र कोऱ्या भिंतीसारखा होता.

“आई, बघ, आला तुझा आचारी!” मुलगा म्हणाला.

मी पुढे सरकलो. मामाने ताटाकडे बोट दाखवले, “ये क्या है?” नायक घाबरला, पाय घसरून पडला आणि पातेले मामाच्या डोक्यावर उपडे झाले. पुढचा प्रसंग लागला. उत्तर नव्हतेच.

मुलाकडून तो भाग पुन्हा लावून घेतला. नायक पडला, पातेले उपडे झाले, बस.

इतकी वर्षे पत्नी ज्याला हसत होती, ते भाभींनी त्या अंधारात, तिच्या कानाशी, स्वतः रचले होते. मी ज्या चित्रपटाची वाट पाहत बसलो होतो तो कोणी काढलाच नव्हता, आणि तो सांगणारी आता जगात नव्हती.

अखेर मीच तिच्या कानाशी वाकलो. “सुबह तक तो दाल थी, मियाँ,” मी म्हणालो, “अब आप के नसीब की बात है.” अध्यापकाच्या जिभेवर ते धुतल्यासारखे स्वच्छ आले, आणि त्यात काहीच उरले नाही.

पत्नीने मान वळवली. माझ्याकडे नव्हे, अंगणाच्या बाजूला. कितीतरी दिवसांनी तिचे ओठ हलले.

“भाभी नाय आल्या?”

“नाही,” मी म्हणालो.

ती दाराकडे पाहत राहिली. मुलाने खेळ बंद केला. तिने त्यानंतर काही विचारले नाही, त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही.